टायबॅक म्हणतात ते नेमकं काय असतंय? बेसमेंटच्या भिंतीपासनं लॅब्रॅडॉरच्या घशापर्यंत

बेळगावात टिळकवाडी, शहापूर, हिंदवाडी अशा जुन्या भागात एकेक बैठं घर पाडून तिथं अपार्टमेंट उठतंय, आणि पार्किंगला जागा नाही म्हणून खाली बेसमेंट खणायचं हे आता ठरल्यासारखंच झालंय. मग कधीतरी इंजिनिअरच्या तोंडातनं टायबॅक असा शब्द येतोय, मालक घरी जाऊन मोबाईलवर सर्च मारतोय, तर वरतीच गोंडेवाल्या पडद्याच्या दोऱ्या. थोडं खाली गेलं की समुद्रातल्या गॅसच्या पाइपा, आणखी खाली गेलं की कुत्र्याच्या घशाचं ऑपरेशन. माणूस चक्रावणारच की.

पण जरा थांबून बघितलं तर सगळीकडं एकच खेळ चाललेला असतोय. एखादी गोष्ट पुढं यायला बघते किंवा मिटायला बघते, समोरनं टेकू द्यायला जागा नसते (किंवा परवडत नाही), म्हणून तिला मागं नेऊन कशाला तरी बांधून टाकायचं. त्यामुळं कुठलाही टायबॅक समोर आला तर मी दोनच गोष्टी विचारतो, मागं कशाला बांधलाय आणि किती ओढलाय. जिथं जिथं घोटाळे होतात ते या दोनपैकी एका ठिकाणीच होतात.

बेसमेंटपासनंच सुरू करू, कारण आपल्याकडं पैसे आणि जीव दोन्ही तिथंच जास्त अडकतात. खड्डा खणला की बाजूची माती खड्ड्यात यायला बघणार. किती जोरात? साधी मुरमाड माती धरा, कोरडी. खड्डा ३ मीटर खोल असेल तर भिंतीच्या प्रत्येक एक मीटर लांबीवर साधारण पावणेतीन टनांचा रेटा येतो. आता खड्डा डबल केला, ६ मीटर, दोन मजली पार्किंग पाहिजे म्हणून. लोकांना वाटतं रेटा पण डबल होणार, साडेपाच टन. नाही, चौपट होतो, जवळजवळ ११ टन, कारण खोली दुप्पट झाली की दाब पण दुप्पट आणि तो दाब ज्या उंचीवर बसतो ती पण दुप्पट. आणि मातीत पाणी भरलं तर एकट्या पाण्याचाच रेटा ६ मीटरला १८ टन, मातीचा वेगळा. म्हणून भर जुलैत बेसमेंट उघडं टाकून कंत्राटदार गावाकडं गेला म्हणजे काय होऊ शकतं ते तुम्हीच बघा. बेळगावचा पाऊस म्हणजे काय ते मी सांगायला नको, आणि खानापूर, जांबोटीकडं गेलं तर विचारायलाच नको.

हा रेटा थोपवायचे रस्ते तसे बरेच. भिंतच इतकी जाड करायची की ती स्वतःच्या जोरावर उभी राहील, हे कमी खोलीला ठीक. किंवा समोरासमोरच्या दोन भिंतींमधे लोखंडी गर्डर आडवे ठोकायचे, ज्याला स्ट्रट म्हणतात, पण मग सगळा खड्डा गर्डरनी भरतो, पोकलेन आत फिरायला जागा राहत नाही आणि स्लॅबच्या सेंट्रिंगला तेच गर्डर आडवे येतात. तिसरा रस्ता म्हणजे टायबॅक, भिंतीला मागनं ओढून धरायचं. खड्डा पूर्ण मोकळा राहतो, ज्यांनी गर्डरच्या जंगलात काम केलंय त्यांना ह्याची किंमत कळते.

करतात असं: आधी भिंत जमिनीत उभी करून घ्यायची, म्हणजे शेजारी शेजारी काँक्रीटचे पाइल (जमिनीत खोल ओतलेले खांब) किंवा लोखंडी खांब. मग वरनं दीड-दोन मीटर खणायचं आणि थांबायचं. भिंतीतनं पलीकडच्या मातीत तिरकं, खाली झुकतं भोक मारायचं, साधारण १५ ते ३० अंशात, चार-सहा इंच व्यासाचं आणि बरंच लांब. त्यात हाय टेन्साइल स्टीलच्या स्ट्रँड घालायच्या, सात तारा पिळून केलेली एक स्ट्रँड, १५.२ मिलिमीटरची असली तर ती तुटायला २६ टनांच्या आसपास ओढ लागते आणि कायमच्या कामात त्याच्या साठेक टक्क्यांपर्यंतच वापरायची. भोकाच्या आतल्या टोकाकडं सिमेंटचं ग्राउट, म्हणजे पातळ घोळ, दाबून भरायचं, पाच-दहा मीटर लांबीत, तिथं स्ट्रँड मातीला नाहीतर खडकाला घट्ट धरली जाते. पण भिंतीजवळच्या भागात स्ट्रँडवर ग्रीस आणि प्लास्टिकची नळी असते, तिथं ती चिकटायची नाही, मोकळी ताणली गेली पाहिजे. ग्राउट पक्कं झालं की बाहेर भिंतीवर जाड प्लेट बसवायची, हायड्रॉलिक जॅक लावायचा, स्ट्रँड ओढायच्या आणि पाचर मारून लॉक करायच्या. मग परत दीड-दोन मीटर खणायचं, पुढची ओळ. घाई चालत नाही इथं, वरची ओळ ओढल्याशिवाय खाली बकेट लावायची नाही म्हणजे नाही.

आता ह्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही, की तो मोकळा भाग कशासाठी. लोकांना वाटतं एवढं लांब भोक मारलंय तर पूर्ण भोकातच सिमेंट भरून टाका की, जास्त पक्कं होईल. उलटं आहे. भिंतीमागची जी माती घसरायला बघतेय तिचा एक तिकोनी तुकडा असतो, ६ मीटर खोल खड्ड्याला मुरमाड मातीत हा तुकडा वरच्या बाजूला भिंतीपासनं साडेतीन मीटर मागंपर्यंत जातो. त्या तुकड्याच्या आतच टायबॅक पकडला तर काय झालं? पडणाऱ्या मातीला पडणाऱ्या मातीशीच बांधलं, दोघं मिळून खड्ड्यात. धावत्या बसला त्याच बसच्या दांड्याला धरून थांबवायला बघण्यातला प्रकार. म्हणून पकड त्या तुकड्याच्या बरीच पलीकडं, जी माती हलणार नाही तिथंच घ्यायची आणि अलीकडचा भाग मोकळा ठेवायचा.

दुसरा प्रश्न, किती ओढायचं. कमी ओढलं तर भिंत आधी थोडी पुढं येणार आणि मगच स्ट्रँड ताण घेणार, तोवर शेजाऱ्याच्या भिंतीला तडा गेलेला असतो. जास्त ओढलं तर पकड सरकते किंवा भिंत उलट मागच्या मातीत दाबली जाते. म्हणून प्रत्येक टायबॅक आधी डिझाइन लोडच्या, म्हणजे हिशोबानं त्याच्यावर जेवढा ताण येणार त्याच्या, १.३३ पटीपर्यंत ओढून थोडा वेळ धरून बघायची पद्धत आहे, तो सरकत नाही हे बघितल्यावर मग ठरलेल्या ताणाला लॉक. साइटवर विचारायचा एकच प्रश्न असेल तर तो हा: प्रत्येक टायबॅकचं टेस्टिंगचं रजिस्टर दाखवा. दाखवलं नाही तर समजा काय ते.

सॉइल नेलिंग म्हणून एक प्रकार ऐकला असेल, घाटातल्या दरडीला लोखंडी सळ्या मारून जाळी लावलेली दिसते तो. दिसायला भाऊभाऊ, पण वेगळा. त्यात सळी पूर्ण लांबीभर ग्राउटमधे असते आणि जॅकनं ओढत नाहीत, माती थोडी हलल्यावरच ती काम सुरू करते. टायबॅक आधीपासनंच ताणलेला. बरेच कंत्राटदार दोन्हीला एकच नाव घेतात, बिल मात्र महागड्याचं लावतात, तेवढं बघून घ्या.

माती कुठली हा आपल्या भागात मोठा विषय आहे. बेळगाव-खानापूरकडं वरती जांभा, म्हणजे चिऱ्याचा दगड, चांगला उभा राहतो, जुन्या विहिरी बघा बिनबांधणीच्या तशाच उभ्या आहेत. पण जांभ्याखाली बऱ्याच ठिकाणी शेडी नावाची माती लागते, ती कोरडी असताना घट्ट आणि पाणी लागलं की हातात विरघळते, आणि नेमकं टायबॅकचं टोक त्या शेडीतच जाऊन बसलं तर काय धरणार ते? वरचा चिरा बघून लोक बिनधास्त होतात. आणि तिकडं अथणी, चिक्कोडी, गोकाककडं काळी जमीन. काळी म्हणजे फुगणारी आणि आक्रसणारी, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा. असल्या चिकण मातीत टायबॅकची पकड हळूहळू सरकत राहते, आज ओढलं ते वर्षभरानं ढिलं. तिथं एकतर भोक खाली मुरूम-खडकापर्यंत न्यायचं, नाहीतर सरळ स्ट्रट लावायचे. म्हणून बोअर मारून माती तपासल्याशिवाय टायबॅकचं कोटेशन देणाऱ्यापासनं मी तरी लांबच राहीन.

त्या काळ्या मातीत जे फुगणारं खनिज असतंय ना, मॉन्टमोरिलोनाइट, तेच बेंटोनाइट नावाच्या चिकण मातीत असतं, आणि जगातला सगळ्यात गाजलेला टायबॅकचा खड्डा ह्याच बेंटोनाइटच्या पातळ चिखलात बांधला गेलाय. न्यूयॉर्कचं वर्ल्ड ट्रेड सेंटर. १९६० च्या दशकात हडसन नदीच्या काठची भरावाची जमीन, नदीचं पाणी शेजारीच, आणि त्यात साधारण ७० फूट खोल खड्डा पाहिजे होता. त्यांनी खोल अरुंद चर खणले, चर ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइटचं पाणी भरून ठेवलं, मग खालनं काँक्रीट भरत ते पाणी वर काढलं आणि तीन फूट जाड भिंत तयार केली. मग आत खणत गेले तशी ती भिंत टायबॅकनी खालच्या खडकाला बांधत गेले. तळघराचे स्लॅब झाल्यावर भिंतीला आतनं टेकू मिळाला, मग टायबॅकची गरज संपली आणि ते सोडून टाकले. २००१ च्या सप्टेंबरात इमारती कोसळल्या तेव्हा ते स्लॅब पण बरेच गेले, म्हणजे भिंतीचा टेकूच गेला, आणि लिबर्टी स्ट्रीटच्या बाजूची भिंत आत सरकायला लागली. मग ढिगारा काढता काढता भिंतीला नवीन टायबॅक मारत जावं लागलं. ढिगारा पटापट उपसला असता तर नदी आत आली असती. पस्तीसेक वर्षांत एकाच भिंतीला दोनदा टायबॅक.

ही टेक्निक तशी त्याच्याही आधीची. १९३४ च्या सुमाराला अल्जीरियातल्या शेर्फा धरणाची उंची वाढवताना आंद्रे कोइन ह्या फ्रेंच इंजिनिअरनं धरणाच्या माथ्यातनं खालच्या खडकात प्रत्येकी हजार टनांच्या ताणाचे केबल घातले होते. तिथं भिंत मागं नाही, खाली ओढलीय, पण तत्त्व तेच.

आता शेजाऱ्याचं प्रकरण. टायबॅक तुमच्या भिंतीतनं सुरू होतो खरा, पण दहा-पंधरा मीटर मागं जातो म्हणजे कुठं जातो? शेजाऱ्याच्या जागेखाली. नाहीतर महापालिकेच्या रस्त्याखाली, जिथं ड्रेनेज आणि पाण्याची लाइन आहे. मग ठरलेला संवाद होतोय. "काका, वरनं काय दिसणार नाही, तुमच्या अंगणाला हात लावणार नाही." "दिसणार नाही तर मग विचारतोस कशाला रे?" काकांचा प्रश्न बरोबर आहे. उद्या काकांच्या मुलानं पण बेसमेंट काढायचं ठरवलं तर त्याच्या बकेटला ताणलेल्या स्ट्रँड लागणार, आणि ताणलेली स्ट्रँड अचानक तुटली की पाचर आणि तार गोळीसारखी उडू शकते. म्हणून लेखी परवानगी घ्या, कुठं किती खोल मारलेत त्याचा नकाशा शेजाऱ्याला द्या आणि बेसमेंट झाल्यावर ताण सोडून द्यायचं कबूल करा. आणि काकांनाही एक हक्क आहे बरं का, १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम ७ मधे सरळ म्हटलंय की जमिनीला तिच्या नैसर्गिक अवस्थेत शेजारच्या जमिनीचा आधार मिळायचा हक्क असतो. म्हणजे माझी जागा आहे, मी कसा पण खणेन असं चालत नाही. फक्त नैसर्गिक अवस्थेत हे शब्द महत्त्वाचे, जमिनीवर बांधलेल्या दोन मजल्यांच्या वजनाचं काय हा वेगळा वाद होतो, त्याला वकील गाठा.

बेसमेंटवर लईच बोललो. पण हाच प्रकार बिनसिमेंटचा आपण रोज बघतो, फक्त नाव ताण किंवा स्टे. हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची लाइन जिथं वळते किंवा संपते तिथल्या खांबाला एका बाजूनं तारांची ओढ असते, म्हणून उलट्या बाजूला तिरकी तार जमिनीत पुरलेल्या प्लेटला बांधतात. मधे तो अंड्याच्या आकाराचा चिनी मातीचा गोळा असतो, तो शोभेचा नाही, वर चुकून करंट उतरला तर खालच्या भागात येऊ नये म्हणून. त्या तारेला म्हशी बांधणारे आणि ऊस लावताना आडवी येते म्हणून ती तोडणारे दोघंही आपल्याकडं भरपूर. तोडली की खांब लगेच पडत नाही, हळूहळू कलतो, त्यामुळं तोडणाऱ्याला आपण काय केलं ते कळतच नाही. अथणी, तेलसंगकडच्या द्राक्षबागेत पण कडेच्या अँगलला असाच ताण, दगड पुरून. मांडव भरला की सगळं वजन शेवटी त्या पुरलेल्या दगडावर.

इमारतीला रंग मारणारे लोक झुल्यावर लोंबकळत असतात तिथं पण टायबॅक आहे, आणि तिथं मला खरंच भीती वाटते. नियमानं छतावर पक्का अँकर पाहिजे, अमेरिकेत तो एका माणसामागं ५००० पौंड म्हणजे सव्वादोन हजार किलोच्या वर ओढ घेऊ शकला पाहिजे असा नियम आहे. एवढं कशाला, माणूस तर सत्तर किलोचा? कारण दोर तुटून माणूस थोडा जरी खाली पडला आणि दुसऱ्या दोरानं झटका देऊन थांबवला तर तो झटका वजनाच्या कितीतरी पट असतो. आणि आपल्याकडं दोर कशाला बांधतात? पाण्याच्या टाकीच्या पाइपला, नाहीतर चार इंची पॅरापिटला. झुल्याचा एक दोर आणि अंगातल्या बेल्टचा दुसरा दोर वेगवेगळ्या जागी बांधलेत का, एवढं तरी खाली उभं राहून बघत जा.

आता समुद्रात. बेळगाव, खानापुरातली बरीच पोरं गोवा-मुंबईमार्गे ऑफशोअरला जातात, त्यांच्या तोंडी सबसी टायबॅक हा शब्द असतोय. समुद्रात तेलाचा किंवा गॅसचा मोठा साठा सापडला तर कंपनी तिथं प्लॅटफॉर्म उभा करते, त्याला प्रचंड खर्च. पण शेजारी पंचवीस-पन्नास किलोमीटरवर एखादा लहान साठा सापडला तर? त्याच्यासाठी वेगळा प्लॅटफॉर्म परवडत नाही. मग विहीर खणून तिच्या तोंडावर समुद्राच्या तळाशीच व्हॉल्व्हचा संच बसवायचा, ज्याला ते लोक ख्रिसमस ट्री म्हणतात, आणि तिथनं पाइपलाइन टाकून जुन्या प्लॅटफॉर्मला जोडून द्यायची. सोबत एक जाड केबल जाते, अंबिलिकल, म्हणजे नाळ, तिच्यातनं वीज, हायड्रॉलिक तेल, सिग्नल आणि केमिकल जातात. वर पाण्यावर काहीच दिसत नाही.

आपल्याकडंच उदाहरण आहे. काकीनाड्याच्या किनाऱ्यासमोर केजी-डी६ ह्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसच्या पट्ट्यात रिलायन्स आणि बीपी ह्या ब्रिटिश तेल कंपनीनं डिसेंबर २०२० मधे आर क्लस्टर नावाचं फील्ड सुरू केलं. पाणी २००० मीटरपेक्षा खोल, आणि गॅस साधारण ६० किलोमीटरवरच्या आधीपासनं असलेल्या प्लॅटफॉर्मला येतो. २००९ मधे सुरू झालेली जुनी डी१-डी३ फील्ड तोवर बंद पडली होती, पण तिच्यासाठी बांधलेला प्लॅटफॉर्म आणि किनाऱ्यावरचा कारखाना तसाच होता, तोच परत कामाला आला. नॉर्वेचं स्नोव्हिट हे गॅसचं फील्ड तर प्लॅटफॉर्मला पण नाही, सरळ किनाऱ्यालाच बांधलंय, १४३ किलोमीटर लांबनं, २००७ पासनं. इस्रायलचं तामार साधारण १५० किलोमीटर.

मग हजार किलोमीटर का नाही करत? तळाशी पाणी चार-पाच डिग्रीचं. विहिरीतनं येणारा माल गरम आणि दाबाखाली, वाटेत गार होत जातो. तेल असेल तर मेण धरतं. गॅसबरोबर थोडं जरी पाणी असलं तर दाबाखाली त्याचा बर्फासारखा घट्ट गोळा बनतो, हायड्रेट, आणि तो शून्याच्या वर, गारठ्यातच बनतो हे विशेष. पाइप चोंदली की दोन किलोमीटर खोल जाऊन कोण साफ करणार? म्हणून त्या नाळेतनं सतत ग्लायकॉल किंवा मेथॅनॉल सोडत राहायचं, पाइपला जाड गोधडी घालायची, आणि लांबी वाढली की साठ्यातल्या दाबाला तेवढं ढकलत न्यायची ताकद आहे का ते बघायचं. गॅस लांब जातो, जड तेल तेवढं जात नाही, म्हणून सगळे मोठे आकडे गॅसचेच.

आणि कशाला बांधलाय हा प्रश्न इथं तर कोट्यवधींचा होतो. उत्तर समुद्रात शेलचं पेंग्विन्स नावाचं फील्ड आहे, ते पासष्ट किलोमीटरवरच्या ब्रेंट चार्ली प्लॅटफॉर्मला बांधलेलं होतं, तेलासाठी हे फारच लांब. पेंग्विन्समधे तेल शिल्लक होतं, पण ब्रेंट म्हातारं होऊन बंद करायची वेळ आली आणि २०२१ मधे ब्रेंट चार्ली थांबलं. मग पेंग्विन्सनं जायचं कुठं? शेलला त्याच्यासाठी वेगळं तरंगतं जहाज आणावं लागलं, मंजुरी २०१८ ची आणि त्यावरनं उत्पादन सुरू झालं २०२५ मधे. स्वतः ठणठणीत असून बांधलेला खुंटा गेला म्हणून बंद पडायचं, असं ते.

तेलाच्याच धंद्यात आणखी एक टायबॅक आहे तो वेगळाच, ह्यात गोंधळ करू नका. विहीर खणताना आत लोखंडी पाइप घालत जातात, केसिंग. वरनं मोठ्या व्यासाचा, खाली खाली लहान. शेवटचा पाइप कधीकधी पूर्ण वरपर्यंत आणत नाहीत, वरच्या केसिंगच्या खालच्या भागात आतल्या बाजूला टांगतात, त्याला लायनर म्हणतात, लोखंड वाचतं. नंतर गरज पडली तर त्या लायनरच्या डोक्यात सीलसकट बसणारा पाइप वरनं उतरवून विहिरीच्या तोंडापर्यंत सलग करतात. तो टायबॅक. २०१० मधे मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन हे बीपीसाठी विहीर खणणारं तरंगतं यंत्र जळालं, २० एप्रिलला, ११ माणसं गेली, त्या चौकशीत हा शब्द बराच गाजला. बीपीनं लायनर आणि टायबॅक न करता तळापासनं वरपर्यंत एकच लांब केसिंग घातली होती, आणि लायनर-टायबॅकला ७० लाख ते १ कोटी डॉलर जास्त लागले असते हे कागदांत निघालं. सरळ त्यामुळंच आग लागली असं मात्र म्हणता येत नाही, तळाचं सिमेंट पकडलं नाही आणि दाबाच्या टेस्टचा अर्थ चुकीचा लावला गेला ह्या मोठ्या गोष्टी. पण अडथळे जेवढे जास्त तेवढं बरं, एवढा वाद त्यातनं सुरू झाला तो अजून चालूच आहे.

आता कुत्र्याकडं. आपल्याकडं लॅब पाळायचं वेड आहे, आणि लॅब दहा-अकरा वर्षांचा झाला की काहींचं भुंकणं बदलतं, घोगरं होतं, श्वास घेताना करवत चालल्यासारखा आवाज येतो, एप्रिलच्या उन्हात थोडं चाललं तरी जीभ निळसर पडते. लोक म्हणतात वय झालं. वय झालंच, पण नेमकं काय होतं तर घशात श्वासनलिकेच्या तोंडावर दोन बाजूला दोन कूर्चा असतात, श्वास घेताना त्या बाजूला सरून दार उघडतात. त्यांची नस निकामी झाली की दार अर्धवट मिटलेलंच राहतं, आणि कुत्रं जेवढं जोरात ओढतं तेवढं ते आणखी मिटतं. तेव्हा सर्जन एका बाजूची कूर्चा टाके घालून बाहेरच्या बाजूला कायमची ओढून बांधतो. ह्या ऑपरेशनलाच टायबॅक म्हणतात.

मूळचं ते घोड्यांचं. घोड्याच्या घशाच्या डाव्या बाजूची नस छातीत जाऊन महाधमनीला वळसा घालून परत वर येते, भलतीच लांब, म्हणून बिघाड जवळजवळ नेहमी डावीकडं आणि उंच मोठ्या घोड्यात जास्त. पळताना असा घोडा घरघर आवाज करतो. यात्रेतल्या घोडागाडीच्या शर्यतीत पळणारा घोडा मधेच दम टाकायला लागला आणि आवाज करतोय तर चाबूक मारण्यापेक्षा आधी डॉक्टरला घसा दाखवा.

इथं किती ओढायचं हा प्रश्न बेसमेंटपेक्षा अवघड आहे, कारण जॅकचा मीटर नसतो. ते दार फक्त श्वासासाठी नाही, खाताना मिटून अन्न आणि पाणी फुप्फुसात जाऊ नये ह्यासाठी पण आहे. कमी ओढलं तर श्वास अडकतोच. जास्त ओढलं तर दार उघडंच राहणार आणि खाल्लेलं फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होणार. म्हणून कुत्र्यात सहसा एकाच बाजूला करतात, दोन्ही बाजूला नाही, आणि तरीही हा धोका आयुष्यभर राहतोच. ऑपरेशननंतर पोहायला सोडायचं नाही, म्हणजे राकसकोपच्या धरणावर फिरायला नेलात तर पट्टा हातातच ठेवा. आणि पट्टा पण गळ्यातला नको, छातीवरचा हार्नेस. खाणं हळू, थोडं थोडं, कोरडा भुगा भुगा टाळून. खोकला आणि ताप दिसला तर घरी काढा देत बसू नका. अजून एक, अशा म्हाताऱ्या लॅबचे मागचे पाय पण बऱ्याचदा हळूहळू लटपटायला लागतात, तो वेगळा आजार नसतो, नसांचाच तो त्रास असतो, घशाच्या ऑपरेशननं पाय सुधारणार नाहीत हे डॉक्टरांनी नाही सांगितलं तरी आधी धरूनच चला.

राहिला पडदा, ज्याच्यासाठी सर्च सगळ्यात जास्त होतं. त्यात फार काही नाही. पडदा मधेच बाजूला गोळा करून भिंतीतल्या हुकाला बांधायची पट्टी किंवा गोंड्याची दोरी. जमिनीपासनं पडद्याच्या एक तृतीयांश उंचीवर हूक घेतला तर पडद्याला चांगला बाक येतो, बरोबर मधोमध घेतला तर कंबर आवळल्यासारखा दिसतो. पट्टी घट्ट करू नका, कापडावर कायमची घडी पडते, वडगावची जुनी साडी फाडून पडदे केले असतील तर जास्तच. आपल्या जुन्या घरांत मातीच्या भिंतीवर चुन्याचा गिलावा असतो, तिथं नुसता खिळा ठोकला की दोन महिन्यांत गिलाव्यासकट बाहेर येतो, त्यापेक्षा खिडकीच्या लाकडी चौकटीत स्क्रू मारा. आणि घरात रांगतं-चालतं पोर असेल तर लांब लोंबणारी दोरीच नको, त्यात मान अडकू शकते. आता बाजारात चुंबकाचे टायबॅक मिळतात, ते ओढलं की सुटतात, बाळाच्या खोलीला तेच घ्या.